४२ इंची प्लाझ्मा टीव्ही : दुकानात कसा निवडला, भिंतीवर कसा लावला आणि दीड महिन्याचा अनुभव (जुलै २०११)

२ एप्रिल २०११ ला धोनीने सिक्स मारला तेव्हा आमच्या घरात अकरा माणसं होती आणि टीव्ही होता २१ इंची जुना डबा, दाराजवळ उभे असलेल्यांना बॉल दिसतच नव्हता, ते पुढच्यांच्या ओरडण्यावरून अंदाज घेत होते. त्याच रात्री बाबा म्हणाले आता मोठा टीव्ही आणायचा. मग महिनाभर मी ऑफिस सुटलं की टीव्ही बघत फिरलो, मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड झाला, पार्ल्याचं इर्ला झालं, मॉलमधली मोठी दुकानं झाली आणि मे अखेरीला पॅनासॉनिकचा ४२ इंची प्लाझ्मा घेतला. सगळं सविस्तर लिहितोय कारण दुकानात कोणी नीट सांगत नाही, आणि जे सांगतात त्यातलं बरंचसं चुकीचं असतं.

पहिली गोष्ट म्हणजे शोरूममधल्या चित्रावर निवड करू नका. तिथे छतभर ट्यूबलाइट असतात, सगळ्या टीव्हींवर तीच समुद्राची आणि फुलांची डिस्क फिरत असते आणि सगळे टीव्ही सगळ्यात भडक मोडवर ठेवलेले असतात. त्या उजेडात प्लाझ्मा शेजारच्या एलईडीपुढे मळकट दिसतो, मलाही पहिल्या दिवशी तसाच दिसला आणि मी जवळजवळ नाद सोडला होता. नंतर एका दुकानात गर्दी नव्हती म्हणून सेल्समनला विनंती करून दोन्ही टीव्ही सिनेमा मोडवर घेतले, डिस्क बंद करून साधी केबल लावायला सांगितली आणि त्या कोपऱ्यातले दिवे घालवले. तेव्हा खरा फरक कळला. रात्रीचा सीन होता, एलईडीवर काळं आकाश राखाडी दिसत होतं आणि प्लाझ्मावर ते काळं होतं. दुसरं, एलईडी टीव्ही म्हणून जे विकतात तो एलसीडीच असतो, फक्त मागे ट्यूबच्या जागी एलईडीचे दिवे असतात. ते दिवे चालूच राहतात म्हणून काळा पूर्ण काळा होत नाही. प्लाझ्मात मागे दिवाच नाही, दोन काचांच्या मध्ये बारीक बारीक कप्पे असतात, त्यात निऑन आणि झेनॉन वायू, वीज मिळाली की त्यातून अतिनील किरण निघतात आणि आतला लाल हिरवा निळा फॉस्फर उजळतो. माझ्या टीव्हीत असे साडेतेवीस लाखांच्या वर कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्पा स्वतःचा उजेड स्वतः देतो.

आमच्यासाठी निकाल लागला तो मात्र दुसऱ्याच गोष्टीवर. आमची हॉलची खोली दहा बाय चौदा. सोफ्यावर टीव्हीच्या बरोबर समोर दोनच माणसं बसतात. बाबांची आरामखुर्ची खिडकीपाशी, आई संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात भाजी निवडत बसते, मुलगी खाली चटईवर लोळत असते. मुंबईच्या घरात टीव्हीसमोर सरळ बसणारा माणूस कमीच, सगळे कोपऱ्यातूनच बघतात. म्हणून मी दुकानात प्रत्येक टीव्हीच्या अगदी कडेला जाऊन उभा राहायचो आणि मग खाली वाकून बघायचो. बहुतेक एलसीडींवर चेहरे फिके पडत होते, आयपीएस पॅनेलवाले (कडेनेही नीट दिसणारा एलसीडीचा एक प्रकार) त्यात बरे होते पण त्यांचा काळा समोरूनही राखाडीच. प्लाझ्मा कुठूनही बघा, तसाच. ही परीक्षा तुम्ही नक्की करा, तिला पैसे लागत नाहीत.

एका ठिकाणी सेल्समन म्हणाला, सर इसमें हर दो साल गॅस भरना पडता है. हे साफ खोटं आहे, वायू काचेत कायमचा सीलबंद असतो, भरायची सोयच नसते. लाइट जास्त खातो हे मात्र खरं, पण किती ते बघा ना. चित्र उजळ असेल तर जास्त, अंधारं असेल तर कमी, सरासरी २०० वॉट धरले आणि रोज पाच तास टीव्ही चालला तर महिन्याला ३० युनिट. तेवढाच एलसीडी १०० वॉट धरला तर १५. म्हणजे महिन्याला १५ युनिटचा फरक, तो मला परवडतो, ज्यांच्याकडे सकाळपासून रात्रीपर्यंत टीव्ही चालू असतो त्यांनी आपला हिशोब करावा.

फुल एचडी (१९२० बाय १०८०) घ्या म्हणून सगळ्यांनी आग्रह केला. मी नाही घेतला. माझ्याचं रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ आहे, आम्ही साधारण सात फुटांवरून बघतो, आणि तेव्हा, २०११ मध्ये, चॅनेल बहुतेक ५७६ ओळींचेच होते. वाचलेल्या पैशात डीटीएचचा एचडी बॉक्स घेतला आणि तो निर्णय बरोबर ठरला, कारण आधी केबलवाल्याच्या वायरवर नव्या टीव्हीचं चित्र जुन्या डब्यापेक्षाही खराब दिसत होतं, मोठ्या पडद्यावर प्रत्येक मुंगी दिसते. आईने तर पहिल्या संध्याकाळी विचारलं, अरे हा बदलून मिळेल का? बॉक्स बसला, एचडीएमआय वायर लागली आणि मग ती काही बोलली नाही. वायर तेव्हा लॅमिंग्टन रोडवर तीनशे रुपयांना मिळत होती, दुकानात दोन हजारांची गळ्यात मारत होते, डिजिटल सिग्नल आहे, दोन मीटरसाठी दोन्हींचं चित्र एकच. डीटीएचचा एक त्रास आहेच, पाऊस जोराचा आला की सिग्नल जातो, जुलैत हे धरूनच चाला.

आता घरी लावायचं. खोका आला तो पाळणाघराच्या पाळण्याएवढा, आमच्या लिफ्टमध्ये उभा मावेना म्हणून पोरं आडवा करायला निघाली होती, मी थांबवलं. प्लाझ्मा आडवा झोपवायचा नाही, आत मोठी काच आहे, नेताना हादरा बसला तर वजनाने तडकू शकते. वीस किलोच्या वरचा ऐवज, तिघांनी मिळून तीन मजले जिन्याने उभाच आणला, त्यांना मी वेगळे पैसे दिले आणि ते द्यायलाच हवेत.

बसवणारा माणूस सांगितलेल्या दिवशी आलाच नाही, तिसऱ्या दिवशी आला आणि आल्या आल्या पश्चिमेच्या भिंतीला ड्रिल लावायला निघाला. ती बाहेरची भिंत, पावसात तिला ओल येते, तिथे टीव्ही लावायचा नाही हे आम्हाला माहीत होतं, त्याने विचारलंही नाही. मधली भिंत साडेचार इंची विटांची, आमची बिल्डिंग जुनी, पहिल्या भोकातून नुसती वाळू आली. शेवटी आमच्या ओळखीच्या गवंड्याला बोलावलं, त्याने प्लास्टर ठोकून ठोकून पक्की वीट शोधली, लांब अँकर बोल्ट मारले आणि टीव्ही टांगायच्या आधी नुसत्या ब्रॅकेटला स्वतः लोंबकळून बघितलं. उंचीचंही तेच, बसवणारे लोक फोटोफ्रेमसारखं वर लावतात आणि मग मान दुखते. सोफ्यावर बसल्यावर आपले डोळे जिथे येतात तिथे पडद्याचा मध्य हवा, आमच्याकडे तो जमिनीपासून ४१ इंचांवर आला. चारी बाजूंनी हवा खेळायला जागा सोडा, वरच्या कडेला हात लावला तर चांगलं गरम लागतं.

पहिले दीडशे दोनशे तास जपायचे असतात, नव्या फॉस्फरवर स्थिर चित्राची खूण पटकन उमटते. कॉन्ट्रास्ट निम्म्यावर आणला आणि काळ्या पट्ट्या येतील असं काही फार वेळ लावलं नाही. इथे घरात वाद झाला कारण मराठी चॅनेल तेव्हा अजून चौकोनी चित्र देत होते, बाजूला काळ्या पट्ट्या यायच्या आणि पडदाभर ताणलं की सगळ्या नायिका रुंद दिसायच्या आणि आईला ते सहन होत नव्हतं. आता महिना उलटलाय तर पट्ट्यांसकट बघतो, पण सलग तासभरच.

आणि हो, एक दोष स्पष्ट सांगतो. बाबांनी एकदा दुपारभर बातम्यांचं चॅनेल ठेवलं आणि संध्याकाळी काळ्या पडद्यावर त्या चॅनेलचा लोगो पुसटसा दिसायला लागला. माझ्या पोटात गोळा आला. दुसरं काही दोन तीन तास चालवल्यावर तो गेला, पण ज्यांच्या घरात सकाळी ९.१५ ते दुपारी ३.३० शेअर बाजाराची पट्टी फिरत असते त्यांनी प्लाझ्मा घेऊ नये, अगदी मनापासून सांगतो, त्यांच्यासाठी एलसीडीच बरा. शिवाय पांढरा पडदा आला की बारीक गुणगुण ऐकू येते, रात्री आवाज कमी असताना जाणवते.

पण विंबल्डनची फायनल बघितली, जोकोविच आणि नदाल, आणि बॉल कोर्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गोल राहिला, मागे शेपूट नाही, धूसर नाही. बाबा खिडकीतल्या खुर्चीवरून बघत होते, दोन तास चष्मा पुसला नाही की खुर्ची सरकवली नाही. त्या एका मॅचमध्ये मला माझे पैसे वसूल झाल्यासारखे वाटले.

राहिला एकच प्रश्न, समोरची काच आरशासारखी आहे आणि खिडकी पश्चिमेला. २१ जुलै २०११ पासून लॉर्ड्सची टेस्ट होती, आपल्याकडे दुपारी साडेतीनला सुरू होणारी, पाऊस उघडला तर नेमकं तेव्हाच ऊन आत येतं. जाड पडदे शिवायला टाकले होते, शिंपी वीस तारखेला देतो म्हणाला होता.