‘आज झू बंद है’ : मुलांना घेऊन मैसूरला जाणार असाल तर

मैसूरचं प्राणिसंग्रहालय मंगळवारी बंद असतं. हे वाक्य शंभर टक्के खरं आहे आणि आम्हाला फसवणाऱ्यानं सुरुवात याच खऱ्या वाक्यापासून केली. धडधडीत खोटं बोलला असता तर आमच्या ह्यांनी त्याला दोन मिनिटांत वाटेला लावलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही इचलकरंजीहून मैसूरला गेलो होतो. हे, मी, सासूबाई आणि दोन मुलं. हे मागाच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे मागांची जोडणी-दुरुस्ती बघतात, दिवाळीला माग थांबतात तेवढीच काय ती सलग सुट्टी. त्यामुळे सहल म्हणजे हिशोबातली सहल. स्लीपरची तिकिटं, स्टँडजवळचा साधा लॉज, सकाळी इडली-वडा बाहेर आणि दुपारी घरून आणलेले धपाटे, शेंगदाण्याची चटणी. एक दिवस राजवाडा, एक दिवस सिटी बसनं चामुंडी टेकडी आणि एक अख्खा दिवस झूसाठी राखून ठेवलेला. थोरल्याचा सगळा जीव त्या तिसऱ्या दिवसात होता, कारण २०२१ साली जर्मनीहून मैसूरला आणलेल्या थाबो आणि डेंबा या गोरिलांची माहिती त्यानं कुठूनतरी वाचून काढली होती आणि गाडीत शेजारच्या प्रवाशांनाही ऐकवली होती.

कमी पैशात दिवस घालवायचा तर या जागेसारखी जागा नाही, हे मी आजही सांगेन. चामराजेंद्र वोडेयर महाराजांनी १८९२ मध्ये सुरू केलेलं हे संग्रहालय आहे, देशातल्या जुन्यांपैकी एक. गर्द झाडी, चालायला चांगला रस्ता, जिराफ, गेंडे, हत्ती, आणि शेजारीच कारंजी तलाव. आम्ही गेलो तेव्हा तिकीट मोठ्यांना शंभराच्या आसपास होतं, लहानांना त्याच्या निम्मं, शनिवार-रविवारी थोडं जास्त. म्हणजे आम्हा पाच जणांचा खर्च चारशेच्या घरात. राजवाड्यापासून अंतर जेमतेम दोन किलोमीटर. सासूबाईंचे गुडघे धरतात म्हणून रिक्षा, नाहीतर आम्ही चालतच गेलो असतो.

बुधवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास राजवाड्याच्या दक्षिण दरवाजाजवळ उभे होतो. एक रिक्षावाला स्वतःहून पुढे आला. पन्नाशीचा, कपाळाला गंध, बोलणं एकदम अदबीचं. झू म्हटल्यावर त्यानं मान हलवली. “आज झू बंद है, साब.”

हे म्हणाले, मंगळवारी बंद असतं, आज बुधवार आहे.

“सही बोला साब. मगर छुट्टी का रश है ना, इसलिए कल मंगल को खुला रखा. उसके बदले आज छुट्टी.”

सणाच्या गर्दीत कधीकधी मंगळवारीही झू उघडं ठेवतात, हे आम्ही वाचलेलं होतं. त्याचं म्हणणं त्यात चपखल बसलं. वर त्यानं फोन लावला, म्हणे माझा मेव्हणा तिथे तिकीट खिडकीवर आहे. स्पीकरवर एक माणूस बोलला, “आज नहीं, कल आओ.” आमची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. थोरल्याचा चेहरा पडला, आणि रिक्षावाल्यानं तो चेहरा आमच्या आधी पाहिला. “बच्चा लोग का दिल मत तोड़ो. पचास रुपये में पूरा मैसूर दिखाता हूँ, दो बजे वापस यहीं छोड़ता हूँ.”

पन्नास रुपयांत पाच माणसं आणि चार-साडेचार तास. इथे जरा थांबते, कारण सगळी गोम या आकड्यात आहे. एवढ्या वेळात एवढ्या पैशात रिक्षाचं इंधनही भागत नाही. म्हणजे त्याची कमाई भाड्यात नसतेच, ती दुसरीकडून येते. राजवाड्याभोवती, स्टँडवर, स्टेशनबाहेर जो कोणी तुम्हाला इतक्या स्वस्तात फिरवायला तयार होतो, तो तुम्हाला गिऱ्हाईक म्हणून दुकानात पोहोचवत असतो. दुकानाच्या दारात उभा असलेला पोऱ्या रिक्षाचा नंबर वहीत टिपून घेतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं, एकदा नव्हे, प्रत्येक दुकानाशी.

पहिलं दुकान ‘सरकारी एम्पोरियम’. कर्नाटक सरकारच्या हस्तकलेच्या दुकानांचं नाव कावेरी आहे, आणि या दुकानाची पाटी त्याच्याशी मिळतीजुळती. सरकारी चिन्ह कुठेही नव्हतं, पण दारातला माणूस छातीठोकपणे “गवर्नमेंट, गवर्नमेंट” म्हणत होता. आम्ही चंदनाचे हत्ती बघून बाहेर आलो, काही घेतलं नाही. रिक्षावाला नाराज झाला नाही. त्यानं पुढचा डाव टाकला. “लेना मत साब, सिर्फ दस मिनट बैठना. मेरेको पेट्रोल का कूपन मिलता है. गरीब आदमी है.” या वाक्यावर कोणाही भल्या माणसाचं मन पाघळतं, आणि ते पाघळावं यासाठीच ते म्हटलं जातं. त्या ‘दहा मिनिटां’चे किती तास झाले ते मुलांच्या चिडचिडीवरून कळत होतं. आपण सुट्टीवर असलो की घड्याळाची किंमत करत नाही, या धंद्याची मात्र सगळी मदार त्याच घड्याळावर आहे.

दुसरीकडे अगरबत्ती आणि अत्तरं. एक बाई समोर बसून भराभर काड्या वळून दाखवते, मग एकेक तेल मनगटाला लावलं जातं, मग चहा येतो. चहा पिऊन झाला की उठणं अवघड. सासूबाईंच्या गुडघ्यांवर अचूक नेम धरून त्या माणसानं ‘शुद्ध चंदनतेल’ काढलं. दोन छोट्या बाटल्या, अकराशे रुपये. चंदनतेल हा सोन्याच्या तराजूत तोलायचा माल आहे. मैसूरमध्ये त्याचा सरकारी कारखाना १९१६ सालचा आहे, आणि खऱ्या तेलाच्या चार-पाच मिलिलिटरच्या कुपीलासुद्धा चांगले पैसे मोजावे लागतात. आमच्या बाटल्यांत प्रत्येकी तीस मिलिलिटर होतं. घरी आल्यावर दोन-तीन दिवसांत वास उडाला, मागे राहिलं ते कसलंतरी पातळ खाद्यतेल असावं.

तिसरं दुकान रेशमाचं. इथे आम्ही जास्त वेळ अडकलो, पैसेही इथेच जास्त गेले. आम्ही मागाच्या गावचे. सुताचा काउंट, म्हणजे सूत किती बारीक ते, हे नुसत्या बोटांनी सांगतात. पण रेशीम आमच्या हाताखालून जात नाही आणि समोर जे होतं ते रेशमासारखंच मऊ, चमकदार, क्रेपसारखं सळसळणारं होतं. “फॅक्टरी रेट, सात हजार दोनशे की साडी, आपके लिए आधा.” सासूबाईंना नातवाच्या मुंजीत नेसायला मैसूर सिल्क हवी होती, ही गोष्ट त्यांनीच बोलता बोलता सांगून टाकली होती. मग काय, तीन हजार सहाशे. ह्यांनी बिल मागितलं तर कच्च्या कागदावर ‘एम. सिल्क’ एवढंच लिहून मिळालं. जीएसटी क्रमांक नाही, खाली ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’चा शिक्का. पैसे यूपीआयनं दिले तेव्हा दुकानाचं नाव आलंच नाही, कुणा माणसाचं आलं.

खऱ्या मैसूर सिल्कची ओळख इथेच सांगून टाकते. ती विणणारा कारखाना मैसूरच्या मानंदवाडी रस्त्यावर आहे, १९१२ पासूनचा, आज कर्नाटक सिल्क इंडस्ट्रीज कॉर्पोरेशनकडे, म्हणजे केएसआयसीकडे. मैसूर सिल्क या नावाला भौगोलिक मानांकन आहे. त्यांच्या प्रत्येक साडीवर स्वतःचा वेगळा क्रमांक असतो, जरीत खरी सोन्या-चांदीची तार असते, आणि किंमत पाच आकडी. तीन-साडेतीन हजारांत ती मिळणं शक्य नाही, ‘फॅक्टरी रेट’ असो की दिवाळी ऑफर.

दोन वाजता रिक्षा राजवाड्याशी आली आणि त्या गोड माणसाचा आवाज पहिल्यांदा चढला. पन्नास म्हणजे एका ठिकाणाचे, वर थांबण्याचे वेगळे. साडेचारशे. आजूबाजूला आणखी दोन रिक्षावाले येऊन उभे राहिले. रडवेल्या धाकटीला कडेवर घेऊन भर रस्त्यात किती वाद घालणार? दिले.

धपाटे लॉजवर राहिले होते, म्हणून जवळच्या एका खानावळीत जेवायला बसलो. शेजारच्या टेबलावर हुबळीचं एक कुटुंब होतं, त्यांच्या मुलाच्या हातात झूच्या दुकानातला प्लास्टिकचा वाघ. सासूबाईंनी मोडक्या कानडीत विचारलं. ती बाई म्हणाली, “आत्ताच येतोय की आम्ही तिथनं. आज चालू आहे.” थोरल्यानं चमचा खाली ठेवला.

पोहोचेपर्यंत साडेतीन वाजत आले होते. तिकीट खिडकीवरच्या माणसाला विचारलं, सकाळी बंद होतं का? त्याला प्रश्नाचं आश्चर्य वाटलं नाही. साडेआठपासून चालू आहे, म्हणाला, आणि मंगळवार उघडा ठेवला म्हणून बुधवारी बंद ठेवायची काही पद्धत नाही. खिडकीवरचे लोक हा प्रश्न रोज ऐकत असावेत.

झू साडेपाचला बंद होतं. निवांत पाहायला तीन-चार तास हवेत, आम्हाला दोनही मिळाले नाहीत. सासूबाई जिराफांपाशी बाकावर बसल्या त्या तिथेच. बाकीच्यांनी पळत पळत जेवढं दिसलं तेवढं पाहिलं. गोरिला पाठमोरा बसला होता. थोरला म्हणाला, पाठ तरी बघितली.

त्याच संध्याकाळी हे साडीच्या दुकानात परत गेले. दुकानदारानं बिलावरच्या शिक्क्यावर बोट ठेवलं, झालं. घरी आल्यावर शेजारच्या सायझिंगवाल्या (सुताला खळ लावणाऱ्या) काकांनी पदराचा एक धागा ओढून काडी लावली. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरली तर भुकटी होते. आमचा धागा वितळला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. पॉलिस्टर. काका हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

आता हिशोब. साडी, तेल, रिक्षा मिळून पाच हजार एकशे पन्नास. जो दिवस खाण्यापिण्यासकट आठशेत बसवला होता, तो असा गेला. पण पैशापेक्षा मला सकाळ गेल्याचा राग जास्त आहे. पैसे पुढच्या बोनसला भरून निघतील, मुलांना पुन्हा मैसूरला न्यायचं तर दिवाळीची वाट पाहावी लागेल.

सगळे रिक्षावाले असे नाहीत. दुसऱ्या दिवशी स्टेशनला सोडणाऱ्यानं मीटर टाकला, सुट्टे दहा रुपये मोजून परत दिले आणि सामान उतरवू लागला. फरक एवढाच की त्याला आम्ही हाक मारली होती, तो आमच्याकडे आला नव्हता. राजवाड्याबाबतही हाच खेळ चालतो, ‘पूजा आहे, एक वाजता उघडणार, तोवर चला.’ राजवाडा रोज दहा ते साडेपाच उघडा असतो, त्याला साप्ताहिक सुट्टी नाही. झू बंद आहे की चालू, हे झूच्या दारात जाऊन किंवा त्यांच्याच वेबसाइटवर पाहा. ज्याला तुम्हाला दुसरीकडे न्यायचंय त्याच्या फोनवरून तर मुळीच विचारू नका, पलीकडे कोण बोलतंय ते कळायला काही मार्ग नसतो.

तक्रारीचं म्हणाल तर आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला. मराठीत बोलता येतं. बिलाचा फोटो, यूपीआयची पावती आणि पदराचा फोटो पाठवला. दुकानाकडून उत्तर आलं, साडी बदलून देऊ, मैसूरला घेऊन या. सासूबाई म्हणाल्या, त्या मेल्यांच्या दारात मी पाऊल ठेवणार नाही. ठेवायची गरजही नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार देता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. त्यामुळे कागद कोल्हापूरला जाणार आहेत. रिक्षावाल्याचं मात्र अवघड आहे, नंबर मुलांच्या गडबडीत टिपायचा राहिला. तुम्ही बसण्याआधी मागच्या पाटीचा फोटो काढून ठेवा, त्याच्या देखतच काढा.