कंट्रोल चार्ट आणि रन चार्ट : छोट्या रुग्णालयातील वापरानंतरचा अनुभव

रुग्णसेवेची गुणवत्ता आणि सुरक्षितता सुधारण्याच्या संख्याशास्त्रीय पद्धतींचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी उन्हाळ्यात पूर्ण केला आणि तेव्हापासून रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या छोट्या रुग्णालयात रन चार्ट (मोजलेले आकडे काळाच्या क्रमाने मांडून मध्ये मध्यकाची रेष काढलेला आलेख) व कंट्रोल चार्ट (सरासरीच्या वर-खाली नेहमीच्या चढउताराच्या मर्यादा आखलेला आलेख) नियमाने भरत आहे. प्रत्यक्ष कामाला आले ते हे दोन आलेखच, म्हणून त्यांच्याविषयीच लिहितो.

कंट्रोल चार्ट मूळचा कारखान्यातला. टेलिफोनची उपकरणे बनवणाऱ्या कंपनीत काम करताना वॉल्टर शेवार्ट यांनी तो 1924 मध्ये मांडला. गणित मात्र ओपीडीच्या वहीलाही चालते. केसपेपर काढल्यापासून डॉक्टर तपासेपर्यंतचा रोजचा सरासरी वेळ घ्यायचा, लागोपाठच्या दिवसांमधील फरकांची सरासरी काढून तिला 2.66 ने गुणायचे आणि येणारा आकडा एकूण सरासरीत मिळवून व तीतून वजा करून दोन मर्यादा आखायच्या. सरासरी 40 मिनिटे आणि फरकांची सरासरी 6 मिनिटे धरली, तर मर्यादा साधारण 24 आणि 56 येतात; म्हणजे 52 मिनिटे लागलेल्या एखाद्या दिवसाचा जाब सिस्टरांना विचारण्यात अर्थ नाही. ती नेहमीची चढउतार आहे, आणि कमी करायची तर कामाची पद्धतच बदलावी लागेल. उलट, गणपतीत चाकरमानी गावी आले की बिंदू मर्यादेबाहेर जातात. कारण उघड असल्याने ते दिवस खूण करून ठेवावेत व मर्यादा काढताना वगळावेत.

आकड्यांपेक्षा त्रास दिला तो नोंदींनी. वहीतील बहुतेक वेळा पाचाच्या पटीत होत्या, कारण त्या पाळी संपताना आठवून लिहिल्या जात. केसपेपरच्या खिडकीजवळ घड्याळ लावल्यावर 10.40 च्या जागी 10.43 दिसू लागले.

अभ्यासक्रमाची उदाहरणे मोठ्या रुग्णालयांची आहेत, ही त्याची खरी उणीव. पावसाळ्यात तापाचे आणि लेप्टोचे रुग्ण वाढतात, त्यामुळे रुग्ण घसरून पडण्याच्या घटना नुसत्या न मोजता दर 1000 रुग्ण-दिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस दाखल म्हणजे एक रुग्ण-दिवस) मोजाव्यात हे ठीक. पण आमच्याकडे बहुतेक महिन्यांत आकडा शून्यच असतो आणि शून्यांची रांग काही सांगत नाही. अशा वेळी दोन घटनांमध्ये किती दिवस गेले याचा आलेख काढावा लागतो, आणि तो भाग अभ्यासक्रमात शेवटी घाईत उरकला आहे. या आलेखात रेष वर जाणे चांगले, हे प्रत्येक नव्या माणसाला मुद्दाम सांगावे लागते.

नवख्याने रन चार्टपासून सुरुवात करावी. आलेख-कागद आणि मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) एवढे पुरते, त्यामुळे वीज गेली तरी अडत नाही. मध्यकाच्या एकाच बाजूला लागोपाठ सहा किंवा अधिक बिंदू आले तर बदल खरा मानतात; मध्यकावरच पडलेले बिंदू त्यात धरत नाहीत.

औषधे देण्यातील चुकांचा आलेख मी अद्याप सुरू केलेला नाही. चूक नोंदवली की बोलणी बसतात अशी धास्ती आहे तोवर, रेष वर गेली तर चुका वाढल्या की लोक मोकळेपणाने लिहू लागले, हे कोणत्याही मर्यादा आखून कळणार नाही.