नेटवर्क अ‍ॅप्लिकेशन विकसनाचा विद्यापीठीय अभ्यासक्रम: नोकरीतील काही महिन्यांनंतरचा अभिप्राय

परीक्षा संपताच दिलेला अभिप्राय बहुधा शिक्षकांच्या शिकवण्याविषयी आणि मिळालेल्या गुणांविषयी असतो. या विषयाचा खरा कस मात्र आपण लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याच्या संगणकावर, दुसऱ्याच्या राउटरमागे चालू लागल्यावर लागतो, म्हणून सर्व्हरच्या बाजूचे काम काही महिने केल्यानंतरच हा अभिप्राय लिहीत आहे. माझे मत असे, की विषयाची सुरुवात थेट सॉकेटपासून (दोन प्रोग्रामांमधील नेटवर्क-जोडणीच्या टोकापासून) करण्याचा या अभ्यासक्रमाचा आग्रह अगदी योग्य आहे. परंतु जवळजवळ सर्व प्रात्यक्षिके एकाच संगणकावर १२७.०.०.१ या, त्याच संगणकाकडे परतणाऱ्या, पत्त्यावर उरकली जात असल्यामुळे त्या आग्रहाचे निम्मे फळ वाया जाते.

सत्राचा मोठा भाग सॉकेट प्रोग्रामिंगला दिलेला आहे. त्यानंतर एचटीटीपी (वेबवरील विनंती-उत्तराचे नियम), मग वेबसॉकेट (सतत उघडी राहणारी दुतर्फा जोडणी) आणि अगदी शेवटी, घाईघाईत, टीएलएस (जोडणी कूटबद्ध करण्याची पद्धत). सॉकेटचा हा इंटरफेस १९८३ साली बर्कली युनिक्सच्या ४.२ आवृत्तीबरोबर आला आणि आजही बाइंड, लिसन, अ‍ॅक्सेप्ट (पत्ता घेणे, वाट पाहणे, जोडणी स्वीकारणे) हा क्रम तोच आहे. तयार फ्रेमवर्क (आधीच लिहिलेला प्रोग्रामचा सांगाडा) हाती असताना हे जुने प्रकरण कशाला, असा प्रश्न वर्गात वारंवार निघत असे. त्याचे उत्तर कामावर मिळाले: फ्रेमवर्कचा त्रुटिसंदेश शेवटी याच पातळीवरून आलेला असतो आणि ही पातळी ओळखीची असेल तरच तो वाचता येतो.

अभ्यासक्रमातील सर्वांत मोलाचा धडा टीसीपीच्या (इंटरनेटवर माहिती क्रमाने व खात्रीने पोहोचवणाऱ्या नियमांच्या) स्वरूपाविषयीचा आहे. टीसीपी संदेश पोहोचवत नाही, बाइटांचा सलग प्रवाह पोहोचवतो. पाठवणाऱ्याने एकदा सेंड केले म्हणून घेणाऱ्याला एका रिसीव्हमध्ये तेवढेच मिळेल, अशी हमी कोणीही दिलेली नाही. व्याख्यानात हे स्पष्ट सांगितले जाते, पण प्रयोगशाळेत ते दिसत नाही. लिनक्सवर लूपबॅकची (संगणकाच्या स्वतःकडेच परतणाऱ्या वाटेची) एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, ६५,५३६ बाइट असते, तर इथरनेटवर ती सहसा १,५०० असून आयपी आणि टीसीपीचे हेडर (पत्ते व नियंत्रणाची माहिती) वजा जाता एका पॅकेटमध्ये फार तर १,४६० बाइट माहिती मावते. त्यामुळे स्वतःच्याच संगणकावर तीन-चार हजार बाइटांचा संदेश बहुतेक वेळा अखंड हाती पडतो आणि सदोष प्रोग्रामही पूर्ण गुण मिळवून जातो.

मराठी मजकूर पाठवणाऱ्याला हा दोष अधिक लवकर भोवतो. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘नमस्कार’ या शब्दात हलन्त आणि काना धरून सात चिन्हे, म्हणजे २१ बाइट होतात. आता प्रात्यक्षिकाच्या प्रत्येक नमुन्यात असतो तसा १,०२४ बाइटांचा बफर (आलेली माहिती तात्पुरती साठवण्याची जागा) घ्या. सलग देवनागरी मजकुराची ३४१ चिन्हे त्यात बसतात आणि ३४२ व्या चिन्हाचा एकच बाइट आत येऊन उरलेले दोन बाहेर राहतात. आलेला तुकडा तसाच डीकोड करू (बाइटांची अक्षरे करू) गेल्यास प्रोग्राम तिथेच कोसळतो. उपाय साधा आहे: संदेशाच्या आधी त्याची लांबी पाठवावी, तेवढे बाइट जमेपर्यंत वाचत राहावे आणि मगच अक्षरांकडे वळावे. इंग्रजी चाचणी-मजकुरावर भागवण्याऐवजी अशी एक चाचणी गृहपाठात ठेवली असती, तर हा मुद्दा कोणी जन्मात विसरला नसता.

या उणिवेवरचा उतारा अभ्यासक्रमातच आहे, पण तो एका ऐच्छिक, विनागुणांच्या प्रात्यक्षिकात दडलेला आहे. लिनक्सच्या टीसी या आज्ञेतील नेटएमच्या साहाय्याने कृत्रिम विलंब आणि पॅकेटगळती निर्माण करून आपलाच चॅट प्रोग्राम पुन्हा चालवायचा, एवढेच त्यात अपेक्षित असते. विलंब २०० मिलिसेकंद ठेवताच, एका क्लायंटच्या (सर्व्हरशी जोडलेल्या प्रोग्रामच्या) उत्तरासाठी बाकीच्या सर्वांना खोळंबून ठेवणारी रचना उघडी पडते. थ्रेड, सिलेक्ट किंवा ईपोल या अनेक जोडण्या एकाच वेळी सांभाळण्याच्या साधनांची गरज व्याख्यानापेक्षा इथे लवकर पटते. माझ्या मते हे प्रात्यक्षिक दुसऱ्याच आठवड्यात आणि सक्तीचे हवे.

सर्व्हर बंद करून लगेच सुरू केल्यास ‘पत्ता वापरात आहे’ अशी तक्रार का येते, हेही असेच राहून जाते. प्रात्यक्षिकाच्या पुस्तिकेत एसओ_रियूजअ‍ॅड्र ही (तोच पत्ता लगेच पुन्हा वापरू देणारी) ओळ चिकटवायला सांगितली आहे, पण बंद झालेली जोडणी काही काळ राखून ठेवणाऱ्या टाइम_वेट अवस्थेचे नाव नाही. परिणामी निम्मा वर्ग ८०८० वरून ८०८१, मग ८०८२ असा पोर्ट (संगणकावरील सेवेचा क्रमांक) बदलत पुढे सरकत असतो.

गंभीर उणीव म्हणजे अपयशाचे शिक्षण. समोरच्या यंत्राची वीज गेली तर जोडणी बंद झाल्याचा निरोप कोण देणार? कोणीच नाही, केवळ वाचत बसलेला सर्व्हर तसाच बसून राहतो. टीसीपीचे कीपअलाइव्ह (शांत जोडणी जिवंत आहे का, हे तपासण्याची सोय) मुळात सुरू करावे लागते आणि ते सुरू केले तरी लिनक्सवरील पूर्वनिर्धारित मुदत ७,२०० सेकंद, म्हणजे दोन तास असते. कामावर लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक जोडणीला स्वतंत्र टाइमआउट द्यावा लागला आणि उत्तर न आल्यास विनंती पुन्हा पाठवावी का, तीच विनंती दोनदा पोहोचली तर नोंद दोनदा होईल का, हा विचार दररोज करावा लागतो. अभ्यासक्रमात या प्रश्नांना एक तासही मिळालेला नाही.

टीएलएसबाबत तर आक्षेपच आहे. पुस्तिकेतील नमुन्यात प्रमाणपत्राची (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या दाखल्याची) पडताळणी बंद केलेली आहे, कारण स्वतःच सही केलेले प्रमाणपत्र अन्यथा चालत नाही. पडताळणी बंद म्हणजे जोडणी कूटबद्ध असूनही पलीकडे कोण आहे हे ठाऊक नसणे. ती सवय घेऊन विद्यार्थी बाहेर पडतात. आपले प्रमाणपत्र विश्वसनीय म्हणून क्लायंटला नोंदवून देणे दोन ओळींचे काम आहे. तेच शिकवायला हवे.

याउलट एचटीटीपीच्या १.१ आवृत्तीवरच भर असल्याची तक्रार मला पटत नाही. एचटीटीपी/२ हे २०१५ साली आणि टीसीपीऐवजी यूडीपी या साध्या वाहतूक-पद्धतीवरील क्विकवर चालणारे एचटीटीपी/३ हे २०२२ साली प्रमाणित झाले, हे खरे, पण १.१ ची विनंती नेटकॅटमध्ये (जोडणीवर थेट मजकूर पाठवणाऱ्या साधनात) हाताने टाइप करून तिचे उत्तर डोळ्यांनी वाचता येते आणि शिकणाऱ्यासाठी ही सोय मोठी आहे. लेखी परीक्षा हेडरमधील रकाने पाठ करायला लावते. तिच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

सी भाषेतील पॉइंटर आणि लिनक्सच्या मूलभूत आज्ञा येत असल्याशिवाय हा विषय निवडू नये, कारण पहिल्या आठवड्यापासून त्या गृहीत धरलेल्या आहेत. निवडलाच तर प्रत्येक गृहपाठ वायफायवरील दोन वेगळ्या संगणकांवर, वायरशार्क (नेटवर्कवरून जाणारी पॅकेट दाखवणारे साधन) उघडे ठेवून चालवावा आणि मध्येच एका संगणकाचे वायफाय बंद करून पाहावे.