खरीप ते रब्बी: व्हॉट्सॲप, यूट्यूब, इन्स्टाग्राम आणि टेलिग्राम वापरून आलेला अनुभव

लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील आमच्या शेतकरी गटाचे निरोप सभासदांपर्यंत पोहोचवण्याचे काम माझ्याकडे आहे. गेल्या खरिपापासून हे काम केवळ व्हॉट्सॲपवर न ठेवता मी यूट्यूब, इन्स्टाग्राम, टेलिग्राम आणि फेसबुकवरही करून पाहिले. आमच्या भागात सर्वाधिक वापर कशाचा, याचे उत्तर निर्विवादपणे व्हॉट्सॲप हेच आहे. मात्र ज्यावर सगळे असतात तेथेच सगळी माहिती ठेवावी, हे मत या काळात मला पटेनासे झाले.

व्हॉट्सॲपचे खरे बळ आवाजात आहे. मराठी टाइप करणे ज्यांना जमत नाही, असे साठीपुढचे शेतकरीही माइकच्या चिन्हावर बोट ठेवून मनमोकळे बोलतात. ऑगस्टमध्ये एका सभासदाने सोयाबीनच्या पानाचा फोटो टाकला आणि पाठोपाठ त्यांचा आवाज आला, "दादा, हे पिवळं पडायलंय, लोह कमी हाय का मोझॅक हाय?" लोहाच्या कमतरतेत कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो, मोझॅक या विषाणूजन्य रोगात पिवळ्या-हिरव्या रंगाचे वेडेवाकडे चट्टे दिसतात आणि त्याचा प्रसार पांढरी माशी करते. पानाची मागची बाजू दाखवा, असे सांगताच दुसरा फोटो आला आणि त्यात माशी स्पष्ट दिसली. रोगट झाडे उपटून नष्ट करा व पिवळे चिकट सापळे लावा, हा सल्ला त्यांना बांधावर उभे असतानाच मिळाला. इतकी तातडीची आणि घरगुती देवाणघेवाण मला इतर कोणत्याही माध्यमावर जमली नाही.

परंतु तेच उत्तर दोन दिवसांत शुभ सकाळच्या चित्रांखाली गाडले गेले आणि तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिला. त्याहून गंभीर बाब अशी की, फॉरवर्ड झालेल्या संदेशावर तो मुळात कधी लिहिला गेला ती तारीख दिसत नाही. "आजचा मोंढ्यातील भाव" असे लिहिलेला संदेश आठवडाभर गावोगाव फिरत राहतो आणि वाचणाऱ्याला तो आजचाच वाटतो. संदेश एका वेळी ५ जणांनाच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा भारतात २०१८ मध्ये आली, आणि अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येण्याची मर्यादा २०२० मध्ये आली. त्यामुळे वेग कमी होतो, पण तारखेचा प्रश्न सुटत नाही. म्हणून भावाच्या प्रत्येक संदेशात पहिल्याच ओळीत तारीख आणि बाजार समितीचे नाव लिहिण्याचा नियम आम्ही केला, आणि तो काटेकोरपणे पाळतो.

टिकाऊ माहितीसाठी यूट्यूब सरस ठरले. २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर डेटा स्वस्त झाला आणि खेड्यांत व्हिडिओ पाहणे परवडू लागले. आता तर माइकवर मराठीत बोलूनच शोध घेतला जातो. ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवून सोयाबीनची उगवण कशी तपासावी आणि किमान ७० दाणे उगवले तरच ते बियाणे नेहमीच्या प्रमाणात का पेरावे, याचा साधा व्हिडिओ आम्ही पेरणीपूर्वी टाकला होता. हरभऱ्याच्या वेळी काही सभासदांनी तोच स्वतः शोधून काढला आणि घरच्या बियाण्याची तपासणी केली. मला या साऱ्या खटाटोपातील सर्वांत समाधानाची गोष्ट हीच वाटते.

इन्स्टाग्रामचे गणित वेगळे आहे. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात भारतात रील्स सुरू झाले आणि गावातील तरुण तिकडे वळले. शेतीच्या सल्ल्याला तेथे फारसे कोणी थांबत नाही. गटाच्या तूरडाळीच्या रीलमुळे मात्र पुण्यातील अनोळखी ग्राहकांनी चौकशी केली. व्हॉट्सॲप ओळखीच्या माणसांपुरते राहते, रील अनोळखी माणसापर्यंत जाते.

टेलिग्रामचा खरा वापर मला लातूर शहरात दिसला. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेची तयारी करणारी माझी पुतणी सराव प्रश्नसंचांच्या पीडीएफसाठी तेच वापरते. ग्रुपमध्ये स्वतःचा मोबाइल क्रमांक न दाखवता राहता येते, हेही कारण तिने आवर्जून सांगितले. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये क्रमांक सर्वांना दिसतो, म्हणून आमच्या गटातील अनेक महिला मुख्य ग्रुपमध्ये आल्याच नाहीत. त्यांनी बचत गटाच्या सीआरपी (गावपातळीवर गटांना मार्गदर्शन करणाऱ्या कार्यकर्त्या) ताईंच्या देखरेखीखाली स्वतंत्र ग्रुप केला आणि तेथे त्या मोकळेपणाने प्रश्न विचारतात. सप्टेंबर २०२३ पासून भारतात आलेल्या व्हॉट्सॲप चॅनेलमध्ये फॉलोअरचा क्रमांक इतर फॉलोअरना दिसत नाही, पण तेथे संवाद एकतर्फी असतो, त्यामुळे या महिलांना त्याचा उपयोग झाला नाही.

फेसबुकवर चाळिशीपुढची मंडळी आहेत. वाढदिवस, निवडणूक आणि कीर्तनाचे थेट प्रक्षेपण यांसाठी ते चालते. आमच्या कामाला त्याचा विशेष लाभ झाला नाही.

सध्या प्रश्न व्हॉट्सॲपवर घेतो. जे उत्तर पुढच्या हंगामातही लागणार आहे, त्याचा व्हिडिओ करून यूट्यूबवर ठेवतो आणि त्याची लिंक महिलांच्या ग्रुपसह दोन्हीकडे देतो. तुरीवरील शेंगा पोखरणाऱ्या अळीचा व्हिडिओ तयार झाला असून, तो फुलोऱ्यापूर्वी सर्वांपर्यंत पोहोचवायचा आहे.