घरचा साबण: तयार बेस वितळवायचा की तेलापासून सुरुवात करायची?

घरी साबण करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे बाजारातून साबणाचा तयार बेस आणून वितळवायचा, रंग-सुगंध घालून साच्यात ओतायचा. दुसरा म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून साबण स्वतः घडवायचा, म्हणजे कोल्ड प्रोसेस. पहिला सोपा म्हणून त्याने सुरुवात करून हळूहळू दुसऱ्याकडे वळावे, असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. बेस कितीही वेळा वितळवला तरी कॉस्टिक हाताळायला शिकवत नाही. हे दोन वेगळे छंद आहेत.

‘बेसमध्ये केमिकल नसते’ हा समजही मनातून काढा. खरा साबण अल्कलीशिवाय, म्हणजे कॉस्टिकसारख्या तीव्र क्षाराशिवाय होत नाही; तेल आणि अल्कली एकत्र येऊनच तो घडतो. बेसच्या बाबतीत ते काम कारखान्यात आधीच उरकलेले असते, इतकेच. आणि नीट मोजून केलेल्या घरच्या साबणातही शेवटी कॉस्टिक उरत नाही, कारण आपण तेल मुद्दाम पाचेक टक्के जास्त ठेवतो.

मोजणे मात्र काटेकोर हवे. १०० ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण १८ ग्रॅम कॉस्टिक लागते, ऑलिव्ह तेलाला साडेतेराच्या आसपास. म्हणून एक तेल संपले की दुसरे ओतायचे, हे इथे चालत नाही. हिशेब नव्याने करावा लागतो. चमचा-वाटीचे माप विसरा, ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्या. कॉस्टिक नेहमी पाण्यात घालायचे, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचे नाही. मिश्रण क्षणात कढत होते आणि त्याची वाफ घशाला झोंबते, म्हणून खिडकी उघडी, डोळ्यांवर संरक्षक चष्मा, हातात मोजे. अ‍ॅल्युमिनियमचे पातेले अजिबात नको: कॉस्टिक ते खाते आणि त्यातून ज्वलनशील हायड्रोजन निघतो. स्टीलचे चालते. अंगावर थेंब उडाला तर लिंबू-व्हिनेगर शोधत बसू नका, भरपूर वाहत्या पाण्याखाली धरा. घरात रांगतं मूल असेल आणि दार लावून काम करता येईल अशी जागा नसेल, तर हा मार्ग सध्या राहू द्या.

बेसचा धोका गरम द्रवाने भाजण्यापुरता. मोठी माणसे सोबत असली तर शाळकरी मुलांनाही त्यात घेता येते, आणि साबण त्याच दिवशी वापरता येतो. पण ताजे दूध किंवा कोरफडीचा ताजा गर त्यात घालू नका, खराब होतो. शिवाय त्यातले जादा ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात वडीवर घामासारखे थेंब येतात, म्हणून गार झाल्याबरोबर प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळावी लागते.

तेलापासून केलेल्या साबणात तेले तुमची, फेस तुमच्या हातातला: खोबरेलाने भरपूर, एरंडेलाने टिकाऊ. हळद घातली तर अल्कलीमुळे ती आधी लालसर होते, मग हळूहळू फिकी पडते. हे सगळे पाहण्यात ज्याला गोडी आहे, त्याने थेट इथूनच सुरुवात करावी, असे मी मनापासून सांगेन.

फक्त वेळेचा हिशेब धरा. वड्या कापल्यावर चार ते सहा आठवडे हवेशीर जागी मुरवाव्या लागतात. दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठी वाटायच्या असतील तर गणपतीच्या दिवसांतच साबण टाकायला हवा. घटस्थापनेला टाकलात तर जेमतेम चार आठवडे मिळतात, आणि त्यावर्षी बेसच घ्या.