सीपीयू, १ नग

आपल्याकडे अख्ख्या कॅबिनेटलाच सीपीयू म्हणायची पद्धत आहे. मीही तसंच म्हणत आले. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, त्या डब्याच्या पोटात मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डावर, बसलेला जेमतेम पावणेचार सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा असतो, आणि पंख्याखाली झाकलेला असल्यामुळे तो आपल्याला कधी दिसत नाही. या एका शब्दाचे दोन अर्थ मला किती महागात पडले, ते इथे लिहितेय.

मी पुण्यात घरून डीटीपीचं, म्हणजे संगणकावर मजकूर टाइप करून छपाईची पानं लावण्याचं, काम करते. पुस्तकं, लग्नपत्रिका, आणि श्रावण लागला की दिवाळी अंक. मशीन २०१४ साली घेतलेलं, प्रोसेसर इंटेलचा आय-५ ४४६०. आजच्या हिशेबाने म्हातारं, पण श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करायला आणि दोनशे पानांचं पुस्तक लावायला मला पुरत होतं. २०२३च्या ऑगस्टमध्ये त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा आवाज करायला लागला. मग मोठी पीडीएफ काढायला घेतली की मशीन आधी रेंगाळायचं आणि अचानक बंदच पडायचं. दहा मिनिटांनी चालू केलं की पुन्हा शहाण्यासारखं वागायचं. तिसऱ्यांदा बंद पडलं तेव्हा एका कथेची चौदा पानं गेली.

आता कळतं की ही सगळी लक्षणं तापाचीच होती. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. हा आय-५ शंभर अंशांच्या घरात पोचला की तसं करतो, आणि त्यावरही भागलं नाही तर मशीन बंद करून टाकतो. म्हणजे तो स्वतःला वाचवत असतो. ‘ओव्हरहीट होऊन प्रोसेसर जळाला’ हे वाक्य दुकानात जितक्या वेळा ऐकू येतं, तितक्या वेळा ते खरं असणं कठीण आहे. पण तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आणि ताप यायला कारण मीच दिलं होतं. टेबलाच्या बंद कप्प्यात कॅबिनेट, वर धूळ बसू नये म्हणून हाताने शिवलेलं कव्हर, बाहेर वर्षभर रस्त्याची खोदाई. आत गोधडीतल्या कापसासारखा धुळीचा थर साचला होता.

आमच्या भागातल्याच एका दुकानात मशीन घेऊन गेले. रिक्षातून, मांडीवर घेऊन. दुकानदाराने बाजूची पाटी काढली, पायरीवर नेऊन ब्लोअर मारला. धुळीचा असा लोट उठला की शेजारचा झेरॉक्सवाला बाहेर आला. तिथेच काम संपायला हवं होतं. पण त्याने मशीन टेबलावर आडवं ठेवलं, आत हात घालून पंखा हलवून बघितला, मॉनिटर जोडला आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, तापमानाचा आकडा दाखवला. एकसष्ट, अडुसष्ट, पंचाहत्तर. माझ्या डोळ्यांदेखत पाच मिनिटांत ब्याण्णव.

“बघा ताई, धूळ काढली, पंखा फुल्ल फिरतोय, तरी चढतंय. म्हणजे बोर्डाचा प्रॉब्लेम आहे.”

आकडा समोर चढताना दिसल्यावर कोण वाद घालणार? त्या पंख्याला चार कोपऱ्यांत चार काळ्या प्लॅस्टिकच्या पिना असतात. त्यांतली एक बाकीच्या तिघींपेक्षा वर आलेली मला दिसत होती. मला वाटलं, ती असेलच तशी. या पिना ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत दाबून बसवायच्या असतात, आणि एक जरी सुटली तरी हीटसिंक, म्हणजे पंख्याखालचा उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, तिरका होऊन प्रोसेसरवर नीट टेकत नाही, मग पंखा कितीही फिरला तरी ताप उतरत नाही, हे मला तीन महिन्यांनी समजलं. ती पिन आधीपासून सुटलेली होती की त्याच्या हाताने सुटली, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ब्लोअर मारण्याआधी मी आत वाकून बघितलंच नव्हतं.

मग त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, “काम अर्जंट आहे का?”

या प्रश्नाला मी बळी पडले. सगळं सांगून टाकलं. दोन दिवाळी अंक हातात आहेत, गणपतीच्या आधी पहिली प्रुफं द्यायचीत, घरात दुसरं मशीन नाही. आता असं कोणी विचारलं तर मी सांगते, “छे, मुलांचं गेम खेळायचं मशीन आहे, सावकाश करा.” समोरच्याचा भाव आपल्या घाईवर ठरतो.

त्याने पावती फाडली. बिल नव्हे, दुकानाचा शिक्का मारलेली साधी पावती. त्यावर लिहिलेलं शब्दशः असं: ‘सीपीयू १ नग. हीटिंग प्रॉब्लेम.’ बस.

दोन दिवसांनी फोन आला. बोर्ड शॉर्ट आहे, आयसी, म्हणजे बोर्डावरची चिप, बदलावी लागेल, थांबलात तर प्रोसेसर उडेल आणि मग दहा हजारांच्या खाली काम होणार नाही. मी म्हटलं, करा. चौथ्या दिवशी मशीन घ्यायला गेले. बोर्डाच्या दुरुस्तीचे २,५००, सर्व्हिसिंग आणि पेस्टचे (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये उष्णता वाहून नेण्यासाठी लावतात ती) ६००, विंडोज आणि अँटिव्हायरसचे १,१००. एकूण ४,२०० रुपये. विंडोज टाका असं मी म्हटलं नव्हतं, पण त्याने फॉरमॅट मारला होता आणि डेस्कटॉपवरच्या माझ्या सगळ्या फाइली गेल्या होत्या. डी ड्राइव्ह वाचला हे नशीब. बदललेली आयसी दाखवा, असं म्हणायचं मला सुचलंच नाही.

आता यातली खरी कारागिरी. पैसे देण्याआधी त्याने मशीन चालू करून दाखवलं. तापमान अठ्ठेचाळीस. टास्क मॅनेजर, म्हणजे मशीनचं आतलं काम दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडला, आलेखावर राइट क्लिक करून चार वेगवेगळे चौकोन आणले. “बघा, चारही कोअर चालतायत. स्पीड थ्री पॉइंट फोर.” माझा आय-५ चार कोअरचा, म्हणजे आत काम करणारे चार भाग असलेलाच होता आणि ३.४ हा आकडाही माझ्या ओळखीचा होता. मी खूश. मशीन गार, पंखा गप्प. जाताना त्याने कॅबिनेट ओल्या फडक्याने पुसून दिलं. पुढचं आय-५चं निळं स्टिकर अगदी चकचकीत झालं होतं.

अंक निघाले. मशीन थोडं मंद वाटायचं. एकीकडे पीडीएफ निघत असताना फोटोशॉपमध्ये जाहिरात उघडली की सगळं गोठायचं. मी वयाला दोष दिला, मशीनच्या आणि माझ्याही. दिवाळीत इचलकरंजीहून भाचा आला. तो इंजिनिअरिंगला आहे. माझ्या शेजारी बसून चकली खाता खाता त्याने टास्क मॅनेजर उघडला आणि त्याचं तोंड चालायचं थांबलं.

“मावशी, तुझा आय-५ होता ना?”

“आहे. पुढचं स्टिकर बघ की.”

“स्टिकर राहू दे. हे वाच.”

उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत: इंटेल कोअर आय-३ ४१३०. खाली ‘कोअर’च्या पुढे २, आणि ‘लॉजिकल प्रोसेसर’च्या पुढे ४. भाच्याने समजावलं ते असं. या आय-३मध्ये कोअर दोनच असतात, पण प्रत्येक कोअर एका वेळी दोन कामं हाताळतो, म्हणून विंडोजला ते चार दिसतात. माझ्या आय-५मध्ये खरेच चार होते. त्यामुळे चौकोन दोन्हीकडे चार. वेगाचं तेच. हा आय-३ चालतोच ३.४ गिगाहर्ट्झवर, आणि माझा आय-५ मूळचा ३.२चा असून जोर लावला की ३.४पर्यंत जायचा. दोन्ही एकाच पिढीचे, दोन्ही बोर्डावरच्या त्याच सॉकेटमध्ये, म्हणजे खाचेत, बसणारे. आणि इंटेलच्या मापाने आय-५ ८४ वॅटचा, आय-३ ५४ वॅटचा. म्हणजे जात्याच कमी तापणारा. माझ्या मशीनचा ताप उतरला होता तो त्यातलं बळ काढून घेतल्यामुळे, आणि त्याचे मी वर ४,२०० रुपये मोजले होते.

चिडून दुकानात गेले. जुनं बिल घरी एलआयसीच्या फाइलमध्ये सापडलं होतं, त्यावर आय-५ ४४६० स्वच्छ लिहिलेलं. दुकानदार जराही गडबडला नाही. म्हणाला, “ताई, हे नऊ वर्षांपूर्वीचं बिल आहे. मधे तुम्ही कुणाकडे मशीन उघडलं असेल, मला काय माहीत? स्टिकर तर बाजारात सुटे मिळतात. माझ्या पावतीवर काय आहे? सीपीयू एक नग. तुम्ही सीपीयू दिलात, मी सीपीयू परत दिला.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच नव्हतं. बिलाने मी २०१४ला काय घेतलं ते सिद्ध होत होतं. ऑगस्ट २०२३ला त्याच्या टेबलावर काय ठेवलं ते नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५वर, तक्रार नोंदवली. तिथल्या मुलीने सगळं नीट ऐकून घेतलं, पण ती हेल्पलाइन मध्यस्थी करते, निकाल देत नाही. निकालासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फीही लागत नाही. मी कागद जमवायला बसले आणि त्या पावतीपाशीच अडले. माझ्या ओळखीचे एक वकील म्हणाले, दाखल करा, पण शब्दाविरुद्ध शब्द होईल. मी दाखल केली नाही. काही जणांना हे पटणार नाही, मलाही रोज पटतं असं नाही. पण त्या दुकानाचं नाव मी इथे लिहीत नाही ते याच कारणाने. मला सिद्ध करता येत नाही.

भाच्याने जाण्याआधी जुन्या बाजारातून दुसरा आय-५ आणून बसवला. पंख्याच्या चार पिना बाणाच्या दिशेने फिरवून सोडवल्या आणि हीटसिंक वर उचलला. सर्व्हिसिंगच्या सहाशे रुपयांत जी पेस्ट लावल्याचं मला सांगितलं होतं, ती पानाच्या डबीत वाळलेल्या चुन्यासारखी पोपडे धरलेली होती. नवी पेस्ट दोन-अडीच महिन्यांत अशी होत नाही. ती त्याने स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, मधोमध तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी नवी पेस्ट ठेवली आणि समोरासमोरच्या पिना जोडीने दाबल्या. टक्, टक्. दुसरी जोडी, पुन्हा टक्, टक्. कप्प्याचं मागचं फळकूट काढलं, माझं कव्हर जप्त केलं. मग तीनशे पानांची पीडीएफ काढायला लावून आम्ही आकड्याकडे बघत बसलो. अडुसष्टच्या वर गेलाच नाही. तोच बोर्ड, जो म्हणे शॉर्ट होता.

पेस्टची नळी दीडशे रुपयांना आली होती. निम्मी अजून शिल्लक आहे.

गेल्या मे महिन्यात एसएमपीएस, म्हणजे मशीनला आतून वीज पुरवणारा डबा, गेला, तेव्हा दुसऱ्या दुकानात जावं लागलं. निघण्याआधी घरीच बाजूची पाटी काढून आतले फोटो काढले, सगळ्या नंबरांसकट. टास्क मॅनेजरचा फोटो मशीन धड असतानाच मोबाइलमध्ये काढून ठेवला होता. हार्ड डिस्क काढून पर्समध्ये टाकली. एसएमपीएस बदलायला तिची गरज नसते. काउंटरवरचा मुलगा पावतीवर ‘सीपीयू १’ लिहायला लागला तेव्हा मी त्याला थांबवलं आणि एकेक गोष्ट सांगत गेले: प्रोसेसर आय-५, त्याचा नंबर, बोर्डाचा सिरियल नंबर, रॅम आठ जीबीच्या दोन, हार्ड डिस्क दिलेली नाही. रकाना दोन बोटांचा. बिचाऱ्याने अक्षर बारीक करत करत समासात लिहिलं, मग पावती उलटी करून मागच्या बाजूला. मागे रांग लागली होती. कुणीतरी म्हणालं, “मॅडम, एसएमपीएसच बदलायचाय ना?”

मी म्हटलं, हो. आणि शिक्का मागच्या बाजूलाही मारून घेतला.