जुन्या तबकड्या, गावभागातलं दुकान आणि युद्धकाळातली हॉलिवूडची गाणी

सांगलीच्या गावभागात ७८ च्या तबकड्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या जुन्या) संगणकावर उतरवून देणारं एक छोटं दुकान आहे. युद्धकाळातल्या हॉलिवूड गाण्यांच्या चार तबकड्यांवरून तिथल्या कामाचा अंदाज येतो. वाजवून घेण्यात पैकीच्या पैकी, आवाज साफ करण्यात हात जड, नाव-साल लिहिण्यात नापास.

एलपीची (नंतर आलेल्या, ३३ फेऱ्यांच्या तबकडीची) सुई साधारण १ मिलची, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाची; ७८ ला ३ मिलची लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी बसते आणि तिथली घाणच वाजवते. इथे सांगावं न लागता सुई बदलतात. डावा-उजवा दोन्ही चॅनेल एकत्र करून एकच आवाज (मोनो) करतात, त्यामुळे खाचेतली वर-खाली होणारी खरखर बरीचशी कटते. धुवायला डिस्टिल्ड पाणी आणि सौम्य साबणाचे दोन थेंब; मधला कागद कोरडा. स्पिरिट नाही, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. पुरात भिजलेली तबकडी मात्र घरी घासू नका आणि उन्हात तर ठेवूच नका, वाकते. चिखलासकट नेऊन द्या.

गडबड पुढे होते. १९४२ मध्ये अमेरिकेनं लाखेच्या वापरावर बंधनं आणली (लाख जायची आपल्याकडूनच), जुन्या तबकड्या दळून नव्यात मिसळल्या गेल्या. त्या काळच्या मालाला खरखर जास्त, ती याचमुळे. ती पूर्ण घालवायला गेलं की गाणंही जातं. ‘सन व्हॅली सेरेनेड’ या चित्रपटातलं ग्लेन मिलरच्या वाद्यवृंदाचं ‘चॅटनूगा चू चू’ घ्या. सुरुवातीला वाद्यवृंद आगगाडीची धाप उभी करतो. खरखर काढणाऱ्या फिल्टरला ती धापही खरखरच वाटली, इंजिनाची वाफ गेली आणि उरला पाण्याखालून आल्यासारखा आवाज. ‘फिल्टर निम्म्यावर ठेवा’ असं आधीच सांगावं.

डिक हेम्सच्या ‘यू'ल नेव्हर नो’मध्ये वाद्यं ऐकू येत नाहीत, म्हणून दुकानानं ‘तबकडी खराब’ असा शेरा मारला. तबकडी ठणठणीत आहे! १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेत वादकांचा ध्वनिमुद्रणावर बहिष्कार होता. गायकांना तो लागू नव्हता. म्हणून साथीलाही गळेच आहेत.

त्याच बहिष्कारामुळे ‘कॅसाब्लँका’ चित्रपट गाजत असताना त्यात ‘ॲज टाइम गोज बाय’ गाणाऱ्या डूली विल्सनला त्याची तबकडी काढता आली नाही. कंपनीनं याच गाण्याची रूडी व्हॅली या गायकाची १९३१ ची तबकडी पुन्हा बाजारात आणली, तीच खपली. दिलेली तबकडी हीच, दुकानाच्या फाइलवर मात्र ‘कॅसाब्लँका, विल्सन’. लेबलवरचं नाव वाचायला किती वेळ लागतो?

‘व्हाइट ख्रिसमस’ची चूक माफ करण्यासारखी. बिंग क्रॉस्बीनं ते मे १९४२ मध्ये गायलं, पण प्रती काढून काढून मूळ साचा झिजला आणि मार्च १९४७ मध्ये त्याच थाटात पुन्हा ध्वनिमुद्रण झालं. सुरुवातीला बासरी आणि सेलेस्टाची (घंटीसारख्या आवाजाच्या पट्ट्यांच्या वाद्याची) किणकिण असेल तर ते १९४७ चं. दिलेली तबकडी तीच होती, फाइलवर १९४२.

म्हणून तबकड्यांसोबत गायक, चित्रपट, साल अशी चिठ्ठी द्या. नेहमी एमपीथ्री मिळते. साफ न केलेली वेव्ह (आवाज न दाबलेली) फाइलही मागा, २४ बिटची. मागितली तर देतात, पेन ड्राइव्ह आपला न्यावा लागतो. तडा गेलेली तबकडी घेत नाहीत, सुई जाते म्हणून.